लेखणीच्या माणसाचे युद्ध

जेमतेम पाच फूट चार इंच उंची, किरकोळ अंगकाठी, क्षीण आवाज आणि वरचेवर बिघडणारी प्रकृती. जेम्स मॅडिसन यांना पाहून कोणीही रणधुरंधर म्हटले नसते आणि तसे ते नव्हतेही. ग्रंथांत रमणाऱ्या या माणसाची खरी ओळख अमेरिकी राज्यघटनेचे शिल्पकार ही होय. मात्र ज्या ब्रिटनच्या जोखडातून अमेरिका मुक्त झाली, त्याच ब्रिटनशी अवघ्या तीन दशकांत पुन्हा लढण्याचा प्रसंग त्यांच्याच कारकिर्दीत ओढवला.

व्हर्जिनियातील पोर्ट कॉनवे येथे १६ मार्च १७५१ रोजी त्यांचा जन्म झाला. घर सुखवस्तू मळेवाल्यांचे. मळ्यातील कष्ट मात्र गुलामांचे. प्रिन्स्टनच्या महाविद्यालयातून १७७१ मध्ये ते पदवीधर झाले. फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये भरलेल्या घटना परिषदेवर त्यांच्या विद्वत्तेची छाप पडली. नागरिकांच्या हक्कांची हमी देणाऱ्या व १७९१ मध्ये अमलात आलेल्या दहा दुरुस्त्यांमागेही त्यांचेच परिश्रम होते. युद्धातून सैन्य, कर्ज आणि कर वाढतात व अखेरीस स्वातंत्र्याचाच घास घेतला जातो, असा इशारा त्यांनी १७९५ मध्ये दिला होता.

१८०९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ब्रिटन नेपोलियनशी झुंजत होते. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरील खलाशांना बळजबरीने आपल्या सेवेत ओढून नेई. तटस्थ देशांच्या व्यापारावरही निर्बंध होते. व्यापारबंदीचे उपाय थकल्यावर मॅडिसन यांनी १ जून १८१२ रोजी हा प्रश्न काँग्रेसपुढे मांडला. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, तर सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मते पडली. १८ जूनला युद्धाच्या ठरावावर त्यांची स्वाक्षरी झाली. दुर्दैव असे, की त्यानंतर पाचच दिवसांनी ब्रिटनने व्यापारावरील निर्बंध मागे घेतले. परंतु ती वार्ता अटलांटिक ओलांडून येईपर्यंत तलवारी उपसल्या गेल्या होत्या.

तयारी तोकडी होती. कॅनडावरील चढाई फसली आणि ऑगस्ट १८१२ मध्ये डेट्रॉइट शत्रूच्या हाती गेले. समुद्रावर मिळालेल्या काही विजयांनी तेवढा धीर दिला. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्लेडन्सबर्ग येथे अमेरिकी फौजेची दाणादाण उडाली. रणभूमीवर स्वतः हजर असलेल्या मॅडिसन यांना राजधानी सोडावी लागली. त्याच रात्री ब्रिटिश सैन्याने संसदभवन आणि अध्यक्षीय निवासस्थान पेटवून दिले.

अशा संकटातही त्यांनी विरोधकांची मुस्कटदाबी केली नाही. न्यू इंग्लंडमधील राज्यांचा युद्धाला कडवा विरोध होता. मॅसॅच्युसेट्स व कनेक्टिकट यांच्या गव्हर्नरांनी आपली नागरी सेना केंद्राच्या हाती देण्यास नकार दिला. तरीही मॅडिसन यांनी १७९८ सारखा राजद्रोहाचा कायदा आणला नाही. तेव्हा त्या कायद्याविरुद्ध लेखणी चालवणारा माणूस सत्तेवर आल्यानंतरही आपल्या शब्दाला जागला.

२४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे तह झाला. सीमा पूर्ववत राहिल्या. खलाशांच्या प्रश्नाचा तहात उल्लेखही नव्हता. तहाची वार्ता पोहोचण्यापूर्वीच, ८ जानेवारी १८१५ रोजी, अँड्र्यू जॅक्सन यांनी न्यू ऑर्लिन्स येथे ब्रिटिशांना धूळ चारली आणि बरोबरीत सुटलेले युद्ध जनमानसात विजय ठरले. खरा पराभव झाला तो मूळ रहिवाशांचा. त्यांना एका झेंड्याखाली आणू पाहणारा टेकुमसे १८१३ मध्येच धारातीर्थी पडला होता.

याच युद्धात सुमारे चार हजार गुलाम ब्रिटिशांच्या आश्रयाला पळाले. आपले स्वातंत्र्य त्यांना मॅडिसन यांच्या प्रजासत्ताकात नव्हे, तर शत्रूच्या जहाजांवर दिसले. २८ जून १८३६ रोजी माँटपेलियर येथे मॅडिसन यांचे निधन झाले. नागरी स्वातंत्र्य युद्धाच्या वणव्यातूनही जपणाऱ्या या घटनाकाराने मृत्युपत्रातसुद्धा आपल्या गुलामांना मुक्त केले नाही.