शितावरून भाताची परीक्षा

निवडणूक आली की मतचाचण्यांचे आकडे येऊन धडकतात आणि आमच्या निघोज्यात एकच प्रश्न निघतो : आपल्याला तर कुणी विचारले नाही, मग हे आकडे आले कुठून?

या प्रश्नाशी मला नेहमी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. मतचाचणी हा त्यांचा विषय नव्हे. त्यांचा विषय पीक आणि भूक. पण शितावरून भाताची परीक्षा केव्हा खरी ठरते आणि केव्हा फसते, हे त्यांच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी पाहिले.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ साली संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज नजरेने बांधत. त्या आणेवारीवर शेतसाऱ्याची सूट ठरे. बँकेत पीककर्जाचे कागद हाताळताना मीही पाहिले आहे, पैसेवारीच्या एका आकड्यावर किती चुलींचे भवितव्य लटकलेले असते ते.

सुखात्म्यांनी नजरेऐवजी विळा आणि तराजू आणला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे निवडायची, त्यांतली शेते, शेतातला एक तुकडा. तेवढेच पीक कापून तोलायचे. निवडीत कुणाची मर्जी चालता कामा नये.

तरीही चूक शिरतेच. बंगालमध्ये महालनोबिस लहान तुकडे कापत. सुखात्म्यांनी दाखवून दिले की त्यामुळे उत्पन्न फुगते. कडेवरचे रोप दिसले की मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका क्षेत्राच्या मानाने कडेचा वाटा मोठा. अशी एकाच दिशेला झुकणारी चूक हजारो तुकडे कापूनही जात नाही.

मतचाचणीचे नेमके हेच आहे. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असे सांगितले; ते प्रचंड मतांनी जिंकले. नावे घेतली होती टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि उत्तर पाठवले ते फक्त हौशी मंडळींनी. गॅलप यांनी फार कमी माणसे विचारून बरोबर उत्तर काढले.

निघोज्यात सकाळी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून कौल घेतला, तर शेतावर गेलेली बाई सुटेल, रात्रपाळी करून झोपलेला कामगार सुटेल. भाड्याच्या खोलीतला जो सापडेल, त्याचे नाव कदाचित दूरच्या गावच्या मतदारयादीत असेल. विचारणाऱ्याबरोबर गावपुढारी असला, तर उत्तरही तोंड पाहून येईल.

सुखात्मे १९५१ मध्ये रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. पुढे पुण्यात परतल्यावर, उष्मांकांच्या सरासरीखाली जेवणारा प्रत्येकजण कुपोषित नसतो, कारण शरीराची गरज बदलती असते, असे त्यांनी मांडले. वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला. देशात उपाशी किती, हे ज्या रेघेवर ठरते, ती रेघ कुठे ओढायची याचाच तो वाद होता. १९९७ मध्ये सुखात्मे गेले.

तेव्हा आकडा समोर आला की किती जणांना विचारले यावर भाळू नये. कोण सुटले आणि कडेवरचे रोप कुणी आत ओढले, हे आधी पाहावे.