डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

मुलांनो, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर औषध शोधणाऱ्यांत आपल्या देशाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांची ही माहिती.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. घरची गरिबी. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, पण शिक्षण सोडलं नाही. तिसऱ्या खेपेला पास झाले. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने दगावले. मद्रासला डॉक्टरी शिकून ते अमेरिकेत गेले. तिथे दवाखान्यात हलकी कामं करून पुढे शिकले.

त्या सुमारास आपल्या मुंबईत डॉ. लुसी विल्स या इंग्रज बाई गिरणीकामगार गरोदर बायकांच्या अंगात रक्त का कमी होते ते शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने रक्त भरते, हे त्यांनी १९३१ साली दाखवले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक ॲसिड. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार केले. संग्रहणीवरही ते लागू पडले.

पण कॅन्सरच्या पेशीही फोलिक ॲसिडवरच वाढतात. म्हणून त्याला अडवणारे औषध त्यांच्या प्रयोगशाळेने बनवले. बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ते १६ मुलांना दिले. १० मुलांना उतार पडला. मात्र काही महिन्यांत आजार उलटला. १९४८ साली सुब्बाराव वारले.

आजार का उलटला? एकच औषध पुरत नाही. शिवाय ते योग्य प्रमाणात, पुरेसे दिवस अंगात राहावे लागते. आपल्या द्राक्षबागेचं पाहा ना! औषध कमी पडलं तर भुरी जात नाही, जास्त झालं तर पानं करपतात, आणि पाळी चुकली की भुरी परत येते. तसंच हे. म्हणून डॉक्टर वरचेवर रक्त तपासून गोळ्या कमी-जास्त करतात. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्यांपैकी शंभरात पाचांहून जास्त चुकल्या, त्या मुलांत आजार जास्त उलटला, असे अमेरिकेत दिसून आले आहे. पुढारलेल्या देशांत आज दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

पालकांनो, पोरगं खेळायला लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवा. सुब्बारावांनी सुरू केलेलं काम तेव्हाच पुरं होतं.