रस्त्यावरील माणसांचा चित्रकार

विल्यम होगार्थ याचा जन्म १६९७ साली लंडन शहरात झाला. त्याचे वडील शिक्षक होते. त्यांनी एक कॉफीगृह काढले. तेथे लॅटिन भाषेत संभाषण चाले. परंतु गिऱ्हाईक फारसे येईना. कर्ज वाढले आणि त्यापायी वडिलांना फ्लीट येथील तुरुंगात जावे लागले. ते दैन्य विल्यमच्या बालमनावर कायमचे कोरले गेले.

पुढे तो चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. रस्त्यात एखादा चेहरा मनात भरला, की तो अंगठ्याच्या नखावर टिपून घेई, असे सांगतात.

१७२० साली त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन तो त्यावर सुईने चित्र रेखाटी. मेण निघून जेथे तांबे उघडे पडे, तेवढाच भाग आम्लाने कोरला जाई. या खाचांत शाई भरून वर ओलसर कागद दाबला, की चित्र उमटे. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील कला अशा रीतीने अनेकांच्या घरी पोहोचली.

मात्र लोभी व्यापारी त्याच्या चित्रांच्या नकला करून विकू लागले. तेव्हा होगार्थने इतर कलावंतांसह पार्लमेंटकडे दाद मागितली. १७३५ साली कायदा झाला आणि चित्रकाराला आपल्या चित्रावर १४ वर्षांचा हक्क मिळाला. त्याच वर्षी त्याने एका उधळ्या तरुणाची कथा ८ चित्रांत प्रसिद्ध केली. त्यांतील एका चित्रात तो तरुण फ्लीटच्याच तुरुंगात बसलेला दिसतो!

१७४१ च्या एका चित्रात खिडकीतला वादक कानांवर हात ठेवून उभा आहे. बाहेर दूधवाली ओरडत आहे, धार लावणारा सुऱ्या घाशीत आहे, एक मूल ढोल बडवीत आहे. लंडनचा सारा गलबला जणू कागदावरून ऐकू येतो.

शहरात मुक्या जनावरांचे होणारे हाल पाहून त्याचे मन कळवळे. १७५१ साली त्याने या विषयावर ४ चित्रे काढली. ती सामान्यांना घेता यावीत, म्हणून प्रत्येकाची किंमत एक शिलिंगच ठेवली. पहिल्या चित्रात काही मुले एका कुत्र्याला छळीत आहेत. एक मुलगा मात्र आपला खाऊ पुढे करून त्याला सोडण्याची विनवणी करीत आहे.

१७६४ साली होगार्थ निवर्तला. त्या गर्दीतला तो दयाळू मुलगा मात्र अद्याप हात पुढे करून उभा आहे.