शाळेच्या वृत्तपत्रातील हेमिंग्वे

विख्यात अमेरिकन कथाकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या पत्रकारितेचा श्रीगणेशा शाळेतच झाला. शिकागोजवळील ओक पार्क येथे १८९९ साली जन्मलेले हेमिंग्वे तेथील हायस्कूलच्या 'ट्रॅपीझ' या वृत्तपत्रात १९१६पासून लिहू लागले. विनोदी स्तंभलेखक रिंग लार्डनर यांच्या शैलीची नक्कल करण्यात त्यांना तेव्हा मौज वाटे. १९१७मध्ये महाविद्यालयात न जाता ते 'कॅन्सस सिटी स्टार'मध्ये वार्ताहर झाले. वाक्ये छोटी असावीत, हा तेथील दंडक. ही नोकरी जेमतेम सहा-सात महिने टिकली. तो संस्कार मात्र जन्मभर पुरला. उसनी शैली हळूहळू गळून पडली. १९५४मध्ये नोबेल पारितोषिक देताना समकालीन लेखनशैलीवरील त्यांच्या प्रभावाचाही गौरव झाला. १९६१मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा एकेकाळच्या या नक्कलकाराचे अनुकरण जगभरचे लेखक करीत होते.