चित्रकाराचा हक्क

विल्यम होगार्थ याचा जन्म १० नोव्हेंबर १६९७ रोजी लंडन शहरात झाला. त्याचा पिता रिचर्ड हा विद्वान शिक्षक होता. लॅटिन भाषेवर त्याचे प्रभुत्व होते व मुलांसाठी त्याने पाठ्यपुस्तकेही लिहिली होती. परंतु विद्येने त्याचे दारिद्र्य हटले नाही. मोठ्या परिश्रमाने रचलेला त्याचा शब्दकोश अखेरपर्यंत छापला गेलाच नाही. पुढे त्याने एक कॉफीगृह काढले. लॅटिन जाणणाऱ्या मंडळींनी तेथे जमावे आणि त्या भाषेत संभाषण करावे, अशी त्याची कल्पना होती. तो व्यवसाय बुडाला आणि कर्ज फेडता न आल्यामुळे रिचर्डला फ्लीट नावाच्या तुरुंगात जावे लागले. तेव्हा विल्यम जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता. पुस्तकविक्रेत्यांनी आपल्या पित्याच्या श्रमांचे चीज केले नाही, हे शल्य त्याच्या मनात कायमचे राहिले.

विल्यमला चित्रे काढण्याचा नाद लहानपणापासूनच होता. थोडा मोठा झाल्यावर तो चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. तेथे त्याचा हात तयार झाला. पण दुसऱ्यांची कुलचिन्हे कोरीत आयुष्य घालवावे, हे त्याला रुचेना. १७२० च्या सुमारास त्याने स्वतंत्र धंदा सुरू केला आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून ती छापण्यास प्रारंभ केला.

हे काम मोठे जिकिरीचे असे. गुळगुळीत पत्र्यावर तीक्ष्ण कोरणीने एकेक रेघ खोदावयाची. छापताना चित्र उलटे उमटते, म्हणून ते पत्र्यावर उलटेच कोरावयाचे. मग रेघांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागदावर यंत्राच्या दाबाने ठसा घ्यावयाचा. चित्राची कल्पना सुचण्यापासून पत्रा पुरा होईपर्यंत कित्येक दिवस खर्ची पडत. उलट, तयार चित्र समोर ठेवून त्याची नक्कल करणाऱ्याला ना कल्पना सुचावी लागे, ना फारसा वेळ लागे.

१७२४ साली होगार्थने लंडनमधील लोकांच्या नाटकवेडावर एक विनोदी चित्र छापले. त्याची किंमत एक शिलिंग होती. ते लोकांना आवडले. पण थोड्याच दिवसांत दुकानांतून त्याच्या नकला निम्म्या किमतीत विकल्या जाऊ लागल्या. होगार्थच्या अस्सल प्रती मात्र दुकानदारांनी परत पाठविल्या. श्रम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता. जे पित्याच्या वाट्यास आले, तेच आता पुत्राच्याही वाट्यास आले.

त्या काळी लेखकांना कायद्याचे थोडेफार संरक्षण मिळाले होते. १७१० साली इंग्लंडमध्ये अमलात आलेल्या कायद्याने पुस्तक छापण्याचा हक्क ठराविक मुदतीपर्यंत लेखकाकडे, किंवा त्याने तो ज्याला दिला असेल त्याच्याकडे, राहत असे. चित्रांना मात्र असा कोणताही आधार नव्हता.

१७३२ साली होगार्थने सहा चित्रांची एक मालिका प्रसिद्ध केली. खेड्यातून लंडनला आलेली एक भाबडी मुलगी दुष्टांच्या जाळ्यात सापडून कशी नाश पावते, याची ती कथा होती. दुकानदारांना वगळून त्याने स्वतःच लोकांकडून आगाऊ मागणी घेतली. एका संचास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग किंमत असूनही बाराशेहून अधिक लोकांनी आपली नावे नोंदविली. पण चित्रे बाहेर पडताच नकलांचा पुन्हा सुळसुळाट झाला.

आता होगार्थने निश्चय केला. एकट्यासाठी सवलत न मागता त्याने आपल्या व्यवसायबंधूंना एकत्र केले आणि १७३५ च्या आरंभी त्या सर्वांनी इंग्लंडच्या पार्लमेंटकडे अर्ज केला. पार्लमेंटने त्यांचे म्हणणे मान्य करून कायदा केला. स्वतः कल्पून कोरलेल्या चित्रावर त्याच्या कर्त्याचा चौदा वर्षे हक्क राहील. प्रत्येक प्रतीवर त्याचे नाव व प्रसिद्धीची तारीख असली पाहिजे. परवानगीवाचून नक्कल करणाऱ्यास दर प्रतीमागे पाच शिलिंग दंड होईल आणि नकली पत्रे नष्ट केले जातील, असे त्यात ठरले. एखादा विषय मात्र कोणाच्या मालकीचा झाला नाही. त्याच विषयावर दुसऱ्याने आपल्या बुद्धीने वेगळे चित्र काढण्यास काहीच आडकाठी नव्हती.

हा कायदा २५ जून १७३५ रोजी अमलात यावयाचा होता. होगार्थची आठ चित्रांची नवी मालिका त्यापूर्वीच तयार होत आली होती. बापाची संपत्ती उधळून कर्जबाजारी झालेल्या एका तरुणाची ती कथा होती. तिच्या एका चित्रात तो तरुण फ्लीटच्याच तुरुंगात बसलेला दिसतो. होगार्थने ही मालिका त्या दिवसापर्यंत रोखून धरली. तरीही काही लबाड लोक ग्राहक म्हणून त्याच्या घरी मूळ रंगीत चित्रे पाहून गेले आणि आठवणीने काढलेल्या वेड्यावाकड्या नकला त्यांनी आधीच बाजारात आणल्या. होगार्थ डगमगला नाही. ठरल्या दिवशी त्याने आपली चित्रे प्रसिद्ध केली आणि ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्यासाठी स्वस्त आवृत्तीही काढविली.

हक्कासाठी झगडणारा हा कलावंत मनाने उदार होता. लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी अनाथालय स्थापन झाले, तेव्हा त्याच्या चालकांपैकी तो एक होता. त्या संस्थेला त्याने आपली चित्रे भेट दिली.

२६ ऑक्टोबर १७६४ रोजी होगार्थचे निधन झाले. १७६७ साली पार्लमेंटने चित्रांच्या हक्काची मुदत अठ्ठावीस वर्षे केली आणि त्याची पत्नी जेन हिला त्याच्या चित्रांवर वीस वर्षांचा खास हक्क दिला. पतीच्या श्रमांवर तिला सन्मानाने जगता आले. रिचर्डच्या कुटुंबाला जे लाभले नव्हते, ते विल्यमच्या घराला लाभले.

आपल्या देशातही १९५७ च्या कायद्याने लेखक, चित्रकार, संगीतकार अशा सर्वांना असा हक्क दिला आहे. त्यानुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यानंतर ती कृती सर्वांची होते. होगार्थच्या चित्रांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली. आज ती कोणीही छापू शकतो. परंतु त्यांच्याखाली नाव मात्र होगार्थचेच असते.