आरशातल्या रेणूंचा शोधकर्ता

लुई पाश्चर म्हटले, की रेबीजची लस आणि दूध निर्जंतुक करण्याची पद्धत आठवते. मात्र, या फ्रेंच शास्त्रज्ञाची पहिली मोठी कामगिरी वेगळीच होती. शस्त्रक्रियेपूर्वी हुंगवल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाचे कोडे उलगडताना पुढे तीच उपयोगी पडली.

२७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी पाश्चर यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते पॅरिसमध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक तपासत होते. त्यांत डाव्या-उजव्या हातांसारखे, परस्परांची प्रतिबिंबे असलेले दोन प्रकार त्यांना दिसले. एकेक स्फटिक वेचून त्यांनी दोन ढीग केले. एकाचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. वयोवृद्ध शास्त्रज्ञ बिओ यांनी हा प्रयोग स्वतःसमोर पुन्हा करवून घेतला, तेव्हाच त्यांची खात्री पटली. हे स्फटिक सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खालीच असे वेगळे होतात. नागपूरच्या नंदनवनात, मे महिन्याच्या उकाड्यात हा प्रयोग फसलाच असता!

पुढे पाश्चर यांना आढळले, की बुरशी या दोहोंपैकी एकच रूप फस्त करते. म्हणजेच, सजीवांना डावे-उजवे कळते.

ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये बोस्टन येथे झाले होते. भुलीचे औषध मज्जापेशींच्या आवरणातील मेदात विरघळून काम करते, असा समज त्यानंतर दीर्घकाळ होता. तसे असते, तर आरशातील दोन्ही रूपांचा परिणाम सारखाच व्हायला हवा. १९९१ मध्ये लंडनचे संशोधक फ्रँक्स आणि लीब यांनी आयसोफ्लुरेनची दोन रूपे गोगलगायीच्या मज्जापेशींवर तपासली. प्रकाश उजवीकडे वळवणारे रूप तेथील एका विद्युतप्रवाहावर सुमारे दुप्पट प्रभावी ठरले. मेदाच्या आवरणावर मात्र दोन्ही सारखीच होती. भुलीचे लक्ष्य मेद नसून प्रथिने आहेत, या मताला त्यामुळे बळ मिळाले. संपूर्ण प्राण्यावर हा फरक किती पडतो, याबाबत मतभेद आहेत. रुग्णांना आजही दोन्ही रूपांचे मिश्रणच दिले जाते.

१८६८ मध्ये पक्षाघाताने पाश्चर यांची डावी बाजू अधू झाली, तरी संशोधन थांबले नाही. १८८५ मधील रेबीजची लस ही त्यानंतरची. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले.