गर्दीतून परतल्यावर



लग्नसमारंभात चार तास हसूनबोलून घरी परतल्यावर काहीजण अगदी गळून जातात. दार लावून गप्प बसावे असे त्यांना वाटते. घरचे त्यांना माणूसघाणे म्हणतात आणि त्यांनाही मनातून अपराधी वाटते. आम्हा धर्मगुरूंतही असे पुष्कळ असतात. अशा सर्वांनी संत जॉन हेन्री न्यूमन यांचे जीवन जरूर पाहावे.

न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. १८२२ साली ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात त्यांची फेलो म्हणून निवड झाली. विद्वानांच्या त्या मेळ्यात ते इतके बुजत की, आपली निवड चुकली की काय, असे काहींना वाटू लागले. रोजचा फेरफटका ते बहुधा एकटेच मारीत. एकदा वाटेत कॉलेजप्रमुख कोपलस्टन भेटले. त्यांनी आदराने लवून, एकांतातला माणूस खरा एकटा नसतो, या आशयाच्या सिसेरोच्या वचनाची त्यांना आठवण करून दिली.

९ ऑक्टोबर १८४५ रोजी न्यूमन कॅथलिक ख्रिस्तसभेत आले. पुढे बर्मिंगहॅमच्या ओरेटरीत त्यांच्याभोवती सतत माणसे असत. १८४९ साली बिल्स्टनला कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ते स्वतः रुग्णांच्या सेवेला गेले. लाजाळू होते, पण लोकांना त्यांनी टाळले नाही.

मग शक्ती कोठून येई? १८६५ साली दोन जुन्या मित्रांनी त्यांना व्हायोलिन भेट दिले. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. संगीतानंतर झोप चांगली लागते आणि कामही अधिक होते, असा त्यांचा अनुभव होता. रेडनल येथे ओरेटरीचे लहानसे घर होते. तेथे ते विश्रांतीला जात. आणि त्याच शांततेत ते इतरांसाठी पत्रे लिहीत. त्यांची सुमारे वीस हजार पत्रे आज उपलब्ध आहेत!

११ ऑगस्ट १८९० रोजी ते देवाघरी गेले. त्यांना रेडनललाच पुरले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

थकून परतलेल्या प्रेषितांना प्रभू येशूने एकांतात विसावा घ्यायला सांगितले होते (मार्क ६:३१). तेव्हा एकांत म्हणजे पळवाट नव्हे. मात्र कसोटी एकच: एकांतातून उठल्यावर आपण पुन्हा माणसांकडे जातो का? जात असू, तर अर्धा तास फिरावे, संगीत ऐकावे, प्रार्थनेत शांत बसावे. आणि घरात असे कोणी असेल, तर आपण त्याला तेवढा वेळ द्यावा. तो आपल्यावर रुसलेला नाही.